नवी पद्धत आणि जुना कामगार

एखाद्या कचेरीत, गिरणीत किंवा कारखान्यात नवी पद्धत सुरू व्हावयाची असते. आराखडे तयार झालेले असतात, यंत्रे येऊन पडलेली असतात, तज्ज्ञांनी मिनिटामिनिटाचा हिशेब मांडलेला असतो. मग प्रत्यक्ष आरंभ होतो आणि काम पुढे सरकण्याऐवजी मागे येऊ लागते. उत्पादन घटते, तक्रारी वाढतात, खाडे वाढतात, अनुभवी माणसे नोकरी सोडून जातात. अशा वेळी वरिष्ठांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘या लोकांना बदल नकोच असतो. माणसाचा स्वभावच मुळी तसा!’ ताप का आला असे विचारल्यावर ‘याची प्रकृतीच तापाची’ असे एखाद्या वैद्याने सांगावे, त्यातलाच हा प्रकार. उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि पुढची चौकशी तेथेच थांबते.

माणसाला बदल नको असतो, हे विधान रोजच्या अनुभवाशी तरी कितपत जुळते? १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. रुपया, आणे, पै यांच्या हिशेबात ज्यांचे केस पिकले होते, त्या दुकानदारांनी, कारकुनांनी, भाजीवाल्या बायांनी नवे पैसे हातात घेतले आणि थोड्याच वर्षांत शेर-छटाकांच्या जागी किलोग्रॅमही स्वीकारला. लोकांची कुरबुर झाली ती नव्या नाण्याबद्दल नव्हे, तर अपूर्णांकाबद्दल. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. परंतु पाव पैसा कोणाच्याच खिशात नसतो. मग तो पाव पैसा कोणी सोडावयाचा, दुकानदाराने की गिऱ्हाइकाने? रुपया जेथल्या तेथे राहिला होता, म्हणून बाकीचे सारे लोकांनी निमूटपणे शिकून घेतले. वाद झाला तो जेथे काही हातचे जाणार होते तेवढ्याच जागी.

हातचे जाणे ही गोष्ट मोठी झाली म्हणजे काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने १९२८ साली पाहिले. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून आलेल्या हजारो मराठी माणसांचे संसार त्या गिरण्यांवर चालत. साळखात्यात एक विणकर साधारणतः दोन माग चालवी. ससून समूहाच्या गिरण्यांत ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली त्याने तीन माग चालवावेत, आणि सूतकताईच्या खात्यातही एका माणसाने पूर्वीपेक्षा अधिक यंत्र सांभाळावे, अशी योजना आली. पगार काही प्रमाणात वाढणार होता. तरीही तिच्यातून व इतर गाऱ्हाण्यांतून पेटलेला संप एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात होते.

गिरणीच्या कचेरीतून पाहता हा जुन्या सवयीचा हट्ट होता. चाळीतल्या खोलीत बसून पाहिले म्हणजे तो निव्वळ अंकगणिताचा प्रश्न होता. सहा मागांना पूर्वी तीन विणकर लागत. नव्या पद्धतीत दोन पुरणार. तिसऱ्याने कोठे जावे? तो तिसरा कोणी अनोळखी नव्हता. एकाच गावचा, एकाच खोलीत भाड्याचा वाटेकरी, पुष्कळदा सख्खा भाऊ किंवा मेहुणा. आणखी एक गोष्ट विणकराला ठाऊक होती, ती मालकाच्या कागदावर नव्हती. मागावर तार किती वेळा तुटते हे विणकराच्या चपळाईपेक्षा सुताच्या जातीवर अवलंबून असते. कापूस हलका घालावयाचा, सूत कच्चे द्यावयाचे आणि माग मात्र तीन चालवावयास सांगावयाचे, हे जमणार नाही असे जो म्हणत होता, तो त्या विषयातला खरा जाणकार होता. त्याच्या म्हणण्याला ‘विरोध’ हे नाव पडल्यामुळे त्यातली माहिती कोणाच्या कानांपर्यंत पोहोचली नाही.

परंतु येथे एक शंका घेता येईल. मुंबईत नोकऱ्या जाणार होत्या, तेव्हा विरोध होणे साहजिकच होते. जेथे नोकरी जाणार नाही, पगार बुडणार नाही, बदलही क्षुल्लक, तेथे तरी माणसे का अडतात? या शंकेचा विचार अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, मॅरियन या डोंगराळ भागातल्या गावी, हारवुड नावाच्या कंपनीच्या कारखान्यात झाला. तेथे पायजम्यांचे कपडे शिवले जात. सुमारे पाचशे स्त्रिया आणि शंभर पुरुष कामाला, बहुतेक तरुण, शिक्षण सरासरीने आठ इयत्तांचे. मजुरी नगावर. ताशी साठ नग ही ठरलेली पातळी. ती गाठणारी बाई कुशल समजली जाई. हंगामानुसार कपड्याचे नमुने बदलत, म्हणून बायकांना अधूनमधून एका कामावरून दुसऱ्या कामावर घालावे लागे. बदलीमुळे मजुरी बुडू नये म्हणून कारखाना भरपाईही देई. इतके करूनही बदली झालेल्या बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणी पुन्हा साठावर पोहोचतच नसत. काही तर नोकरीच सोडत. नवशिकी मुलगी एखादे काम जितक्या दिवसांत शिके, त्याहून अधिक दिवस जुन्या कुशल बाईला लागत. जुन्या सवयीमुळे हात चुकीचे वळतात काय, हेही तपासून पाहिले गेले. तसे आढळले नाही. हात ठीक होते, उमेद गेली होती.

लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तेथे जो प्रयोग केला, त्याचा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध झाला. सारखेच कौशल्य असलेल्या आणि सारख्याच थोड्या बदलाला सामोऱ्या जाणाऱ्या चार तुकड्या त्यांनी घेतल्या. पहिली तुकडी अठरा इस्त्रीवाल्यांची. त्या आजवर इस्त्री केलेले कपडे अर्ध्या डझनाच्या हिशेबाने पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्यावर रचीत. आता ते खोक्यात रचावयाचे होते. बस्स, एवढाच बदल! त्यांना बोलावून स्पर्धेची परिस्थिती सांगण्यात आली, नवा दर कसा काढला ते समजावून देण्यात आले, प्रश्नांना उत्तरेही मिळाली. म्हणजे कोणी त्यांच्यावर हुकूम फेकला नव्हता, हे ध्यानात ठेवावयास हवे. आजच्या पुष्कळ कचेऱ्यांत यापेक्षा कितीतरी कमी सौजन्य दाखविले जाते.

दुसऱ्या तुकडीत घडी घालणाऱ्या तेरा जणी होत्या. खर्च कमी का करावयाचा हे त्यांना उदाहरणाने पटविण्यात आले. दोन हुबेहूब सारखे कपडे पुढे ठेवले. एक १९४६ सालचा, दुसरा १९४७ सालचा, आणि पहिला दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला. कोणता कोणता, ते कोणालाच ओळखता येईना. मग त्यांनी आपल्यातून काही जणींना निवडले. नवी रीत बसविताना आणि दर ठरविताना याच प्रतिनिधी बरोबर होत्या आणि त्यांनीच ती बाकीच्यांना शिकविली. थोड्याच दिवसांत त्या ‘आमचे काम’, ‘आमचा दर’ असे बोलू लागल्या. तिसरी आणि चौथी तुकडी कपडे तपासणाऱ्यांची, अनुक्रमे आठ आणि सात जणींची. तेथे प्रतिनिधी नव्हतेच. सगळ्याच जणी नवी रीत ठरविण्यास बसल्या.

इस्त्रीवाल्यांची तुकडी पन्नास नगांच्या आसपास रेंगाळत राहिली. तज्ज्ञाशी खटके उडाले, मुकादमाशी असहकार झाला, काम मुद्दाम हळू होऊ लागले. पहिल्या चाळीस दिवसांत शंभरात सतरा या प्रमाणात बायका सोडून गेल्या. दर कमी आहे अशी तक्रारही त्यांनी केली. चौकशी करता तो दर कामगारांच्या बाजूने किंचित सैलच असल्याचे निघाले. प्रतिनिधी निवडणारी तुकडी दोन आठवड्यांत साठाच्या वर गेली आणि तिच्यातून कोणीही नोकरी सोडली नाही. ज्यांत साऱ्याच सहभागी होत्या त्या दोन तुकड्या तर लवकरच सावरल्या आणि जुन्या पातळीच्याही सुमारे चौदा टक्के पुढे गेल्या.

येथवरची हकिकत व्यवस्थापनशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांत सापडते. खरे महत्त्व आहे ते तिच्या पुरवणीला, आणि नेमकी तीच बहुधा गाळली जाते. सुमारे अडीच महिन्यांनी त्या अप्रिय ठरलेल्या इस्त्रीच्या तुकडीतल्या उरलेल्या तेरा जणींना पुन्हा एकत्र आणून आणखी एका नव्या कामावर घालण्यात आले. फरक इतकाच की, या खेपेस ती रीत ठरविण्यात त्या सगळ्या सामील होत्या. त्याच तेरा जणी! त्यांनी झपाट्याने पूर्वीची पातळी गाठली आणि ओलांडली. भांडणे झाली नाहीत, कोणी सोडून गेले नाही. विरोध जर त्यांच्या स्वभावात असता, तर तो अडीच महिन्यांत कोठे गेला?

तथापि या प्रयोगाचे गोडवे गाताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही. खर्च कमी करावयाचाच, हे आधीच ठरलेले होते. तो कसा करावयाचा एवढ्यापुरतेच त्या बायकांचे मत घेतले गेले. मुंबईच्या विणकराला असा ‘सहभाग’ देऊ केला असता, तर तिसऱ्या माणसाचा प्रश्न त्याने सुटला नसता. आणि दिखाऊ सहभाग कामगाराला ओळखता येत नाही, असे समजणे भोळेपणाचे होईल. नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९६० साली प्रसिद्ध झाले. तेथे उत्पादनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या बाबींवर कामगारांना बोलावयास मिळाले, त्या उत्पादनाच्या दृष्टीने दुय्यम होत्या. पॉल लॉरेन्स या हार्वर्डच्या अध्यापकाने १९५४ मध्येच इशारा दिला होता की, सहभाग म्हणजे माणसांना राजी करण्याची हिकमत असे समजून तो वापरला तर तो अंगलट येतो. त्याच्या मते माणसे यांत्रिक फेरफाराला सहसा अडत नाहीत. त्या फेरफाराबरोबर माणसामाणसांचे जे संबंध मोडतात, त्याला ती अडतात.

हारवुडच्या मागे कुर्ट लेविन या जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या मानसशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन होते. कारखान्यातली उत्पादनाची पातळी ही अनेक परस्परविरोधी दाबांमधला समतोल असते, असे तो मानी. मजुरीचा दर, सोबतिणींची मर्जी, मुकादमाचा धाक, थकवा, कीर्ती, हे सारे ते दाब होत. म्हणजे अडथळा शोधावयाचा तो या साऱ्या रचनेत. १९४७ मध्ये लेविन वारला आणि त्याची कल्पना वापरणाऱ्यांनी कालांतराने अडथळा रचनेतून उचलून कामगाराच्या डोक्यात नेऊन ठेवला. १९९९ साली एरिक डेंट आणि सुसान गोल्डबर्ग या अभ्यासकांनी या घसरणीचा माग काढून, ‘बदलाला विरोध’ हा शब्दप्रयोगच सोडून द्यावा असे सुचविले. माणूस विरोध करतो तो पगार, प्रतिष्ठा किंवा स्वास्थ्य गमावण्याला. तेव्हा जे गमावले जाते त्याचे नाव घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. शब्द सोडल्याने दुखणे जाते असे नव्हे. परंतु निदान तरी बदलते.

आपल्याकडच्या बँकांत संगणक आले तेव्हाची गोष्ट याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाला विरोध केला, ही बाब सर्वश्रुत आहे. १९८३, १९८७ आणि १९९३ या वर्षी बँकांच्या संघाशी त्यांचे रीतसर करार झाले, ही बाब मात्र फारशी आठवली जात नाही. यंत्रे किती, कोणत्या कामासाठी, कोणत्या अटींवर, हे टप्प्याटप्प्याने ठरत गेले. खातेवह्यांत लफ्फेदार अक्षर काढणारे कारकून पुढे त्याच संगणकांवर बसले.

आता अहमदाबादकडे वळू. ते शहर १९५३ साली मुंबई राज्यातच होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावीत ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना पुढची हकिकत परकी वाटू नये. साराभाई घराण्याच्या कॅलिको मिल्समध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसविले गेले. एका साळखात्यात असे २२४ माग आणि त्यांवर २९ कामगार. तज्ज्ञांनी कामाचा बारकाईने अभ्यास करून त्याचे बारा प्रकार पाडले आणि प्रत्येकाला त्याचा वाटा नेमून दिला. यंत्र नवे, वाटणी शास्त्रशुद्ध. पण उत्पादन आणि कापडाचा दर्जा साध्या मागांच्या वेळेहून काही सुधारला नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले.

त्यांना जे दिसले ते असे. विणकराकडे २४ किंवा ३२ माग. मागात कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०. एकदम पुष्कळ धागे तुटले म्हणजे ते सांधणाऱ्याकडे ६० ते ८०. जॉबरकडे ११२. तेलवाला आणि झाडूवाला साऱ्या २२४ मागांसाठी. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर होता. परंतु कोणाचेही माग दुसऱ्या कोणाच्या मागांशी जुळत नव्हते. एका विणकराचे काही माग कांड्या भरणाऱ्या एकाच्या वाट्याला, तर उरलेले दुसऱ्याच्या. माग बंद पडला की विणकराने हाक मारावयाची, आणि ज्याला हाक मारावयाची तो त्या क्षणी दुसऱ्याच कोणाच्या तरी हाकेला गेलेला. जुन्या साध्या मागांवर विणकराचा स्वतःचा एक संसार असे : त्याचे दोन माग, त्याचे कापड. नव्या खात्यात २९ माणसे एकाच छपराखाली होती, पण एकमेकांची नव्हती. येथे कोणी संप केला नव्हता की दगड मारला नव्हता. तरीही अशा वेळी बोट दाखविले जाते ते बहुधा कामगाराच्या अज्ञानाकडे आणि आळसाकडेच.

राइस यांनी कल्पना मांडली ती साधी होती : ठराविक मागांना ठराविक माणसे जोडून द्यावीत, ६४ माग आणि त्यांवरची सगळी कामे मिळून सांभाळणारे सात जण. आश्चर्याची गोष्ट पुढची. ही कल्पना कानी पडताच पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी ती आपणहून उचलली. कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हे कामगारांनी परस्परसंमतीने ठरविले आणि कामाची वाटणीही त्यांनीच बसविली. ज्यांना ‘बदल नको असतो’ असे समजले जाते, त्यांनी येथे बदलाचा उरलेला आराखडा पुरा केला. व्यवस्था स्थिरावल्यावर मागांची कार्यक्षमता शंभरात ८० होती ती ९५ वर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. माग तेच होते.

राइस यांचा या विषयावरील ग्रंथ १९५८ मध्ये निघाला. पुढे १९७० साली त्यांचे सहकारी एरिक मिलर पुन्हा अहमदाबादेस गेले. एव्हाना गटांची पद्धत गिरणीत अनेक ठिकाणी, साध्या मागांवरही, पसरलेली होती. मिलर यांना एके ठिकाणी ती सोळा वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी आढळली. कामाची पातळीही टिकून होती. इतरत्र ती कमीअधिक प्रमाणात विरून, पुन्हा एकेका कामाला एकेक माणूस अशी जुनी वाटणी परत आली होती. ती परत यावी असे कामगारांनी मागितले नव्हते. बाहेरची परिस्थिती पालटत गेली आणि गटांना स्वतःचा कारभार पाहण्यासाठी जी सवड नि साधने लागत, ती हळूहळू आखडली गेली. कॅलिको मिल आज चालू नाही. जेथे पद्धत टिकली, तेथे सोळा वर्षांनीही एका गटाची माणसे आपल्याच मागांपाशी उभी असत आणि तार तुटली तर कोणाला हाक मारावयाची, हे त्यांना विचारावे लागत नसे.